अत्तराची पारख

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून, उजेडात नेऊन पाहतो. अत्तराचं मात्र बूच काढलं, नाकाला लावलं, ‘छान आहे’ म्हटलं की पैसे मोजून मोकळ्या!

यंदा उन्हाळ्यात सासूबाईंसाठी वाळ्याचं अत्तर हवं होतं. काचबिंदूने त्यांना आता फारसं दिसत नाही. माहेरच्या दाराला वाळ्याचा पडदा असे, पाणी मारलं की त्याचा जो वास सुटे तो पुन्हा एकदा यावा, एवढंच त्यांचं मागणं. शिकवणीचे सहाशे रुपये मी त्यासाठी बाजूला ठेवले होते.

अमरावतीच्या बाजारात एका दुकानदाराने हिरवंगार अत्तर पुढे केलं. म्हणे अस्सल कनौजचं! उत्तर प्रदेशातल्या या गावात तांब्याच्या डेगेत फुलं किंवा मुळं पाण्यात उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात सुवास मुरतो. चंदन महागल्यापासून पुष्कळ जण त्याऐवजी पॅराफिनसारखं बिनवासाचं तेल वापरतात. हिरव्या रंगावर तर मुळीच भुलू नका. तांब्यामुळे वाळ्याच्या अर्काला हिरवी झाक येते खरी, पण रंग काय, कुणीही घालील! कागदावर डाग उरला तर भेसळ, हेही वाळ्याला लागू नाही. त्याचं तेल जात्याच दाट, सावकाश उडणारं.

म्हणून मनगटावर थेंब लावावा, चोळू नये आणि खुशाल भाजी आणायला जावं. एका वेळी दोन-तीनच अत्तरं हुंगावीत, नाहीतर नाक बधिर होतं. आणि वाळ्याचं माप आपल्या घरातच असतं की! माठात घालतो त्या जुडीतल्या चार काड्या ओल्या करून मी पुरचुंडीत नेल्या होत्या. तासाभराने ताडून पाहिलं. काड्यांना ओल्या मातीचा, किंचित धुरकट वास. मनगटावर गोडमिट्ट सरबत. मी नको म्हटलं. “बाई, एवढं कोण पाहते?” दुकानदार कुरकुरले.

दुसरीकडचं अत्तर आधी उग्रच वाटलं. थेंब लावून घरी आले. चार तासांनी तो वास काड्यांशी जुळला, तेव्हा दुसऱ्या दिवशी जाऊन लहानशी शिशी घेतली. सासूबाईंच्या मनगटाला लावलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पडद्यावर पाणी कोणं मारलं वो?”

शिशी मात्र खिडकीत ठेवू नका हं. आपल्याकडचं ऊन अत्तराला सोसत नाही.