खळ्यातली सावली

14 नोव्हेंबर 2024, नागपूर
पुतण्यानं काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला नेलं. तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी रिव्हेट-कारनॅकनं इथं खणलं, तेव्हा खाली थडगी निघाली. मुरूम-गोट्यांचा भराव, तो सरकू नये म्हणून भोवती थोराड दगडांचं कडं. काही दगडांवर उथळ खळगे आहेत. बोट घालून पाहिलं, आत कडा गुळगुळीत.

खगोलशास्त्रज्ञ मयंक वहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खळगे वर्तुळाच्या मध्यापासून कोणत्या दिशेला येतात ते मोजलं. ते तीनच दिशांना गोळा होतात म्हणे. मला पटलं ते एवढंच. नुसत्या दगडांवरून काय कळणार? वर्तुळात सगळ्याच दिशांना दगड असतात. सूर्य कुठंही उगवला तरी कुणाच्या तरी डोक्यावर उगवणारच.

15 नोव्हेंबर
दिवसभर गाडीत. पाठ धरली.

8 डिसेंबर, गुंजवणे
तात्यांचं खळं सारवून तयार. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचा खांब. कात्यायनाच्या शुल्बसूत्रातली रीत करून पाहिली: तिवड्याएवढ्या दोरीनं भोवती रिंगण आखलं. सव्वाअकराला सावलीचं टोक रिंगणाला टेकलं, तिथं खुंटी. पावणेदोनला दुसऱ्या बाजूला टेकलं, तिथं दुसरी. दोन्ही खुंट्या जोडल्या की पूर्व-पश्चिम.

तात्या म्हणाले, "मास्तर, पूर्व कुठं ते मला इचारायचं की!"

21 डिसेंबर
आज दक्षिणायन संपलं. आपल्या अक्षांशावर सूर्य सपाट क्षितिजावर पश्चिमेच्या पंचवीसेक अंश दक्षिणेला मावळायला हवा. (स्टोनहेंजला हाच कोन चाळीसच्या जवळ जातो; तिथलं क्षितिज जास्त बोलकं.) पण आमच्याकडे सपाट क्षितिज आहे कुठं? राजगड आडवा. सूर्य तिरका उतरत उत्तरेकडे सरकतो, त्याआधीच किल्ला त्याला गिळतो. म्हणून हिशेबापेक्षा बराच दक्षिणेला दिसेनासा झाला. डोंगराची उंची न मोजता नुसतं होकायंत्र धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिवड्याची शेवटची सावली खळ्याच्या काठावरच्या एका दगडावर नेमकी पडली. अंगावर काटा आला. दगड कुणी, कधी ठेवला, विचारलं.

"परवा," वहिनी म्हणाल्या. "शेळी बांधायला."

तरी मी त्यावर खडूनं खूण केलीच.