दोन अक्षरांचं देणं

काकांशी माझी ओळख झाली ती मी केलेल्या चुकीमुळे. १९८७ चा जून होता. सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात मी ‘विविधज्ञानविस्तारा’चे अंक वाचत होते. पान उलटताना ते टर्रकन फाटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. पर्समध्ये सेलोटेप होती, ती फाटल्या जागी नीट चिकटवली आणि खंड कपाटात परत ठेवून दिला. दिवाळीनंतर परत गेले तेव्हा ग्रंथपालांनी सांगितलं, ‘मागच्या खोलीत बाइंडरकाकांनी बोलावलंय.’ त्या खंडाच्या नोंदवहीत वर्षभरात माझं एकटीचंच नाव होतं.

मागच्या खोलीत खळीचा आणि ओव्याचा वास होता. कपाटातल्या कसरीसाठी आणि बुरशीसाठी काका थायमॉल ठेवायचे. आपल्याकडे त्यालाच ओव्याचं फूल म्हणतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. तो खंड त्यांनी माझ्यासमोर उघडला.

‘ताई, फाटल्याचं काही नाही. कागद आहे, फाटणारच. पण ही पट्टी का लावली?’

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी एक पातळ, बोथट सुरी स्टोव्हवर कोमट केली, पट्टीच्या कडेला टेकवली आणि तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी उचलली. मग पुन्हा सुरी कोमट करायची, पुन्हा दाणाभर. पाऊण तास मी उभी होते. प्लॅस्टिक निघालं, पण डिंक कागदात उतरला होता. तिथं एक पिवळट पट्टा राहिला. ‘आता हा तपकिरी होत जाणार,’ ते म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, कागदाबद्दलचं वाईट वाटणं होतं. रागावले असते तर मी पुन्हा तिथं गेले नसते.

पुढची दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी त्या खोलीत बसले.

सुरुवात खळीपासून झाली. त्यांच्या वडिलांची खळ मैद्याची, त्यात मोरचूद. कीड लागू नये म्हणून बांधणीवाले पिढ्यान्‌पिढ्या तो घालत आले. काकांनीही वीस वर्षं घातला. मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागद-दुरुस्तीच्या वर्गाला जाऊन आल्यावर त्यांना कळलं, की मोरचुदानं कीड मरते पण कागदही कमजोर होतो. परत आल्यावर त्यांनी मोरचुदाची बरणी कायमची बंद केली. स्वतःच्या हातांनी बांधलेले जुने खंड ते मला काढून दाखवायचे. ‘हे माझं काम. इथं बघ, कड कशी करपल्यागत झालीय.’ पन्नाशी उलटलेला माणूस बापाकडून आलेली रीत इतक्या सरळपणे बाजूला ठेवतो, हे मी तिथंच पाहिलं. त्यांची नवी खळ म्हणजे गव्हाचा चीक. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चोथा काढून जो चीक खाली बसतो तोच, पाण्यात शिजवून, गाळून, दुधावरच्या साईसारखा पातळ केलेला. आमच्या घरच्या उन्हाळकामातला वाटीभर चीक मी त्यांना नेऊन द्यायला लागले, तेव्हा कधीतरी ‘ताई, तुम्ही’चं ‘पोरी, तू’ झालं.

ही खळ लावण्याचं कारण एकच होतं. ती पाण्यानं पुन्हा सुटते. ‘माझ्यापेक्षा शहाणा कुणीतरी पुढं येईल, त्याला माझं काम उसवता आलं पाहिजे,’ असं ते म्हणायचे. जपानी टिश्यूची पट्टी ते कात्रीनं कापत नसत. ओल्या ब्रशची रेघ मारून ती हातानं तोडायचे, म्हणजे कडेला धागे मोकळे राहतात आणि जुन्या कागदाला धरतात.

कागद वाचायला मला त्यांनी शिकवलं, तेही बोटांनी. मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी. त्यातून आम्ल तयार होतं आणि पन्नास-साठ वर्षांत पान पापडासारखं मोडतं. अशा पानांना ते चुन्याची निवळी द्यायचे. आधी वाचनालयाच्या जांभळ्या शिक्क्यावर एक थेंब, वर टीपकागद. शिक्का फुटला तर त्या पानाला अंघोळ नाही. मोडी कागदांना तर नाहीच नाही, कारण ती शाई काजळाची आणि डिंकाची, पाण्यानं पसरते. पण तो हातकागद! चिंध्यांचा, तागाचा, खळ देऊन दगडानं घोटलेला. दोनशे वर्षांनंतरही घडी घातली तर कापडासारखा वळत होता.

वाचनालयाला एका वाड्यातून मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, मिळालेले होते. वाळवीनं खाल्लेले, पोटमाळ्यावर भिजून वाळलेले. काकांना मोडी येत नव्हती. मला येत होती, पण माझ्या आधी ते कागद त्यांच्या हातून गेले, म्हणून वाचता आले. रुमाल सोडला की फडक्यावर कपटे सांडतात. दुसऱ्या कुणी ते झटकून टाकले असते. काका चिमट्यानं एकेक उचलून छोट्या पाकिटात घालायचे आणि वर शिसपेन्सिलीनं लिहायचे : रुमाल अमुक, कागद तमुक, उजवी कड. शाईचं पेन त्या खोलीत आणायला बंदी होती.

त्यातलं एक पत्र पाटाच्या पाण्याच्या पाळीबद्दल होतं. दोन भावबंदांचं भांडण, साधंच. मला ते फार मोलाचं वाटत होतं, पण साल लागत नव्हतं. चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातला दिवस, होता; तिथी नव्हती. सालाच्या जागी ‘स’, पुढं भोक, मग ‘सबैन मया व अलफ’. अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन, अकराशे सत्तरच्या पुढचा, एवढंच. ‘स’वरून सलास, सित, सबा, समान, काहीही असू शकतं. म्हणजे ११७३, ७६, ७७ किंवा ७८. पहिलं धरलं तर १७७२-७३, शेवटचं धरलं तर १७७७-७८. मध्ये नारायणरावांचा खून, बारभाईंचं कारस्थान, पुरंदरचा तह. कुणाच्या अमलात हा निवाडा मागितला, हेच ठरत नव्हतं.

काकांनी त्या रुमालाची पाकिटं काढली. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात. काका ती रेघ बघायचे : किती जाड, कुठं शाई संपत आलीय. मग कपटा काचेवर धरून खालून दिवा लावायचे. हातकागद गवताच्या काड्यांच्या चटईवर उचललेला असतो, त्या काड्यांच्या फिकट रेषा उजेडात दिसतात. पत्रातल्या रेषा आणि कपट्यातल्या रेषा जुळायला हव्यात. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी करंगळीच्या नखाएवढा एक कपटा भोकात बसला. रेघ रेघेला लागली. काका बाजूला सरकले आणि म्हणाले, ‘आता तू बघ, काय लिहिलंय.’

‘ला’ आणि ‘स’.

सलास सबैन. ११७३. मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि खळ ढवळायला घेतली.

त्या पत्रावरचा लेख हा माझा पहिला छापलेला लेख. शेवटी मी मार्गदर्शकांचे आभार मानले, वाचनालयाचे मानले, प्रवासखर्च देणाऱ्या मामाचेसुद्धा मानले. काकांचं नाव त्यात नाही. विसरले असं म्हणणं खोटं ठरेल. आभार विद्वानांचे मानायचे असतात, अशी तेव्हा माझी समजूत होती. अंक घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो चाळला, पान अंगठ्याखाली घासून पाहिलं आणि म्हणाले, ‘कागद बरा नाही. दुसरी प्रत ठेव.’ मी ठेवली. आज पहिली प्रत कडेनं मोडायला लागली आहे.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर गेले दोन महिने मी पुन्हा शनिवारी तिथं जाते आहे. जागा न सापडलेले कपटे अजून वाचनालयातच आहेत, बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात. एका पाकिटावर त्यांच्या अक्षरात ‘रुमाल ७, कुठला ते ठाऊक नाही’. खाली तारखांची उतरंड. दर खेपेला लावून पाहिलं, नाही बसलं, की ते तारीख घालून ठेवत. अकरा तारखा आहेत. परवा मी तो कपटा काचेवर धरला, काड्यांच्या रेषा मोजल्या, सातव्या रुमालातले चौदा कागद खाली सरकवून पाहिले. कुठंच बसला नाही. परत पाकिटात ठेवला, पेन्सिलीला टोक केलं आणि अकराव्या तारखेखाली बारावी लिहिली.