क्रिस्टल रिव्हरचे उबदार पाहुणे
फ्लोरिडात जाऊन डिस्ने वर्ल्ड टाळलं म्हटलं की लोक वेड्यात काढतात. पण जानेवारीत क्रिस्टल रिव्हर गाठाच! इथल्या झऱ्यांचं पाणी बारमाही २२ अंश. समुद्र २० अंशांखाली गेला की मॅनाटी इथे ऊब घ्यायला येतात. म्हशीएवढा, तसाच सुस्त, शाकाहारी प्राणी. मास्क लावून नुसतं तरंगायचं, मागे लागायचं नाही. माझ्या शेजारून एक गेला. पाठीवर बोटीच्या प्रॉपेलरचे व्रण. अभ्यासक या व्रणांवरूनच त्यांना ओळखतात, बोला!

२०२१ मध्ये फ्लोरिडात १,१०० मॅनाटी मेले. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमधलं समुद्री गवत प्रदूषणामुळे माजलेल्या शेवाळानं संपवलं होतं. कित्येक चक्क उपाशी मेले. इथे क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बेमध्ये मात्र ईलग्रास लावून तळ पुन्हा हिरवा केलाय. आमच्या पाहुण्याचं तोंड सकाळभर त्यातच होतं.