आई सभेला गेली

आमचे गाव इंदापूर तालुक्यात आहे. दिवाळीच्या सुमारास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांची धुराडी पेटतात. मग बीडकडून ऊसतोडीची माणसे येतात. ती माळावर कोप्या घालून राहतात.

यंदा माझी आई शाळा व्यवस्थापन समितीवर आली. गुरुजींनी सांगितले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत शंभरात पंचाहत्तर पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आई म्हणाली, "मी चौथी शिकलेली. मी काय बोलणार?" पहिल्या सभेत ती नुसती सही करून आली.

दुसऱ्या सभेत गुरुजी म्हणाले, "कोप्यांवरची एक मुलगी शाळेत येत नाही. मी दोनदा जाऊन आलो. मोठे माणूस कुणी भेटत नाही." तेव्हा आई उठली. म्हणाली, "गुरुजी, दिवसा कसं भेटंल? ती मानसं पहाटंच फडात जात्यात. दिवेलागणीला जावा. मीबी येते."

त्याच संध्याकाळी गुरुजी, अंगणवाडीच्या बाई, आई आणि मी कोप्यांवर गेलो. मुलीची आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हिला शाळंत धाडली तर धाकट्याला कोन बगंल?" गुरुजी गप्प झाले. बाई म्हणाल्या, "तो तीन वर्षांचा आहे ना? माझ्याकडं बसवा." आई म्हणाली, "रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असत्यात. माझ्या पोरीसंगं येऊ द्या."

आता ती रोज माझ्याबरोबर येते. तिचे पाढे माझ्याहून पाठ आहेत. आधी मला राग आला होता. आता आम्ही दोघी म्हणतो.

गुरुजींनी आम्हाला कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी लोक धान्य देत. लक्ष्मीबाईंनी तर आपले दागिने दिले. आमच्या आईने दागिने दिले नाहीत. तिने फक्त वेळ सांगितली. पण गुरुजींना तीच ठाऊक नव्हती.

हंगाम संपला की माझी मैत्रीण गावी जाईल. गुरुजी तिला शिक्षण हमी पत्रक देणार आहेत. ते दाखवले की तिकडच्या शाळेत बसता येते. पण तिकडे तिच्या धाकट्याला कोण सांभाळेल? तिच्या गावातही कुणाची तरी आई सभेत बोलली पाहिजे.

पालकांनो, तुम्हीही सभेला या. नुसती सही करून जाऊ नका.

– इयत्ता चौथी