जरेच्या मांडीवरची मुलं

भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून भाची म्हणाली, "आजी!" नरसिंहाकडे नाही, कालियाच्या फण्यावर नाचणाऱ्या कृष्णाकडे नाही, हत्तीवरच्या बुधाकडे नाही की वाघावरच्या बृहस्पतीकडे नाही. तिचं बोट नेमकं त्या दोघींवर, ज्यांच्या अंगाखांद्यावर मुलंच मुलं आहेत.

१ ऑगस्ट २०२५ला तिला दोन वर्षं पूर्ण झाली, आणि तो श्रावणातला शुक्रवार निघाला. मग एकाच खोलीत फुगेही आणि जिवतीही. दिव्यांच्या अवसेला बाजारात येतो तोच स्वस्त छपाईचा कागद, त्याला आघाडा-दूर्वांची माळ, कापसाची वस्त्रं, पुढे दूध-साखर आणि फुटाणे. पलीकडे टेबलावर वहिनीने आणवलेला बिनअंड्याचा केक. घरभर पुरणाचा वास. असे सरमिसळ दिवस मला फार आवडतात. सजावटीच्या दुकानातून सगळं एकाच रंगाचं आणलेले वाढदिवस मला कोणाचेच वाटत नाहीत.

त्या दोघी जरा आणि जिवंतिका. त्यांतली जरा राक्षसी आहे, हे मला खूप उशिरा, महाभारताचं सभापर्व वाचताना कळलं. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याच्या दोन राण्या, दोघी जुळ्या बहिणी. चंडकौशिक ऋषींनी दिलेला एकच आंबा दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. एक डोळा, एक हात, एक पाय. घाबरलेल्या दाईंनी ते तुकडे गुंडाळून चौकात टाकले. तिथे जरा आली. ती मांस खाणारी, तिला ते खायलाच हवे होते. न्यायला सोपे पडावेत म्हणून तिने दोन्ही तुकडे एकमेकांना लावले, आणि मूल सांधलं गेलं. त्याने तांबूस मूठ तोंडात घातली आणि भरलेल्या ढगासारखा टाहो फोडला. मूल इतकं जड की तिला उचलवेना. वाड्यातून माणसं धावत आली, राजा आला, दूध दाटून आलेल्या त्या दोन्ही राण्याही आल्या. जरेच्या मनात आलं, आपण राहतो याच्याच राज्यात आणि याला मूल नाही. हे न्यायचं कसं? तिने माणसाचं रूप घेतलं आणि बाळ राजाच्या हाती दिलं. तिने सांधलं म्हणून तो जरासंध. राजाने मगधात तिचा उत्सव सुरू केला. आपलं मुलांनी वेढलेलं चित्र जो घराच्या भिंतीवर काढेल त्याच्या घरी भरभराट होईल, असंही ती त्या कथेत सांगते.

पुढे जरासंधाने काय केलं आणि भीमाने त्याला पुन्हा कसं उभं चिरलं, तिथवर मला जायचंच नसतं. मी त्या चौकातच थांबते. खायला म्हणून उचललेलं मूल रडतं आणि उचलणारीचा बेत बदलतो. मूल जगवणं म्हणजे काय हे इतक्या नागडेपणाने सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. ज्या घरांत पाळणे हलायचे तितकेच रिकामेही व्हायचे, त्या घरांतल्या बायकांनी भिंतीवर लावायला निवडली ती हीच. जिच्या तावडीतून मूल सुटलं, तिच्याच मांडीवर त्यांनी आपली मुलं ठेवली. त्यांच्या धीराचं मला नवल वाटतं.

संध्याकाळी पाट मांडला. भाचीला कुंकू, अक्षता. मग अंगठी-सुपारीने ओवाळणं, मग पुरणाचे दिवे. आई, वहिनी, मी, शेजारच्या काकू. एकेकीचा चेहरा दिव्यामागून जवळ यायचा आणि भाची तो नीट पाहून घ्यायची. केकवरची मेणबत्ती सगळ्यांची मिळून एकदाच विझते. औक्षणात प्रत्येकीला मुलाच्या डोळ्यांत बघायची आपली पाळी मिळते, म्हणून मला ते अधिक प्यारं.

आईने उरलेल्या अक्षता चारी दिशांना टाकल्या. जिवतीच्या शुक्रवारी, जी मुलं घरी नसतील त्यांच्यासाठी. आमचा धाकटा टोरांटोला असतो आणि तो त्या वेळी फोनच्या पडद्यावर समोरच दिसत होता. "अगं आई, मी इकडे आहे," तो म्हणाला. आईने तरी चारी दिशांना टाकल्या.

जेवताना तिथीचा विषय निघालाच. भाची २०२३च्या अधिक श्रावणातल्या पौर्णिमेची. अधिक महिना दर वर्षी कुठून आणायचा? म्हणून तिची तिथी नेहमीच्या श्रावणातल्या पौर्णिमेला. २०२४मध्ये ती १९ ऑगस्टला आली होती, २०२५मध्ये ९ला, २०२६मध्ये २८ला. चंद्र-सूर्याचे हिशेब १९ वर्षांनी जवळजवळ जुळतात. २००४मध्येही अधिक श्रावणच होता. पुन्हा तसं जुळेपर्यंत तिचे वर्षाला दोन वाढदिवस, आणि मला त्यांतला एकही सोडायचा नाही.

९ तारखेला नारळीभात झाला. आई गुळाची, वहिनीच्या माहेरी साखर आणि केशर. मी आईच्या पक्षाची: गूळ चांगला पिवळाधमक हवा, आणि लवंगा तुपात टच्च फुगल्याशिवाय तांदूळ टाकायचा नाही. वहिनीला हे पटलेलं नाही. पुढच्या वर्षी ती तिच्या पद्धतीने करणार आहे.