हबचा नट

विंचूरच्या कांदा उपबाजारालगतच्या गॅरेजात एक मोटार आली. वेग वाढला की पुढून घूं असा आवाज येई आणि डावीकडे वळताना तो अधिक वाढे. वळणावर भार बाहेरच्या चाकाकडे सरकतो. त्यावरून मिस्त्रींनी उजव्या चाकाचे बेअरिंग ताडले, ते खरे निघाले.

नवे बेअरिंग नकलमध्ये बसवताना त्यांनी प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या कड्यावर दिला. आतल्या कड्यावर दिला असता, तर तो गोळ्यांतून गेला असता आणि कोऱ्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी वण उमटले असते.

मालकांना आईला नाशिकला डॉक्टरांकडे न्यायचे होते. "गनने आवळून द्या ना," ते म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. शाफ्टचा मोठा नट बेअरिंगची आतली कडी एकत्र दाबून धरतो. सैल राहिला तर चाक डुलते, अती आवळला तर आटे ताणले जातात. गनला हे माप कुठले कळायला! टॉर्क पाना निफाडला गेला होता. तोवर गाडी जमिनीवर टेकवणेही नाही, कारण सैल हबवर भार आला की बेअरिंग बिघडते.

आई बाकावर बसून राहिल्या. तासाभराने पाना आला. पोऱ्याने ब्रेक दाबून धरला, पुस्तिकेतल्या मापावर पाना 'टक्' वाजला. नव्या नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून मिस्त्री म्हणाले, "आता उतरवा."