बर्फाचं गाव निवडताना (मराठी निबंध : प्रवास)

'मी केलेला प्रवास' हा निबंध परीक्षेत हमखास येतो. बहुतेक जण गाडीत बसल्यापासून लिहायला सुरुवात करतात. पण जायचं कुठे हे ठरवताना घरात जी चर्चा होते, जी माहिती गोळा करावी लागते, तोही निबंधाचा चांगला विषय आहे. आजचा निबंध त्याच भागावर लिहिला आहे.

आम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहतो. सोलापूर म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आमच्या ओळखीचा बर्फ म्हणजे रसवंतीतला आणि गोळ्याच्या गाडीवरचा. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीत पाचवीतला माझा धाकटा म्हणाला, "आपण स्कीइंग करायला जाऊ की!" तेव्हा सगळे हसले. पण त्याचे बाबा म्हणाले, "माहिती तर काढू. माहितीला कुठं पैसे पडतात?" माझ्या भिशीचे पैसे त्या वर्षी मिळणार होते. म्हणून मीही होकार दिला.

घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघे, आठवीतली थोरली, हा धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय सदुसष्ट. तरुणपणी त्यांनी वीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरल्या. सुताची बारीक पूड वर्षानुवर्षं छातीत जाऊन त्यांना दमा जडला आहे. जिना चढताना त्या मध्ये एकदा थांबतातच. स्कीइंगचं नाव निघताच त्या म्हणाल्या, "तुम्ही चौघं जाऊन या की. मी घर बघते." खरा प्रश्न इथेच होता. जागा कोणती निवडायची यावर त्या येणार की नाही हे ठरणार होतं.

पहिली अडचण सुट्टीची आली. आपल्याला मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात मिळते. हिमालयात स्कीइंगचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. दिवाळीत बर्फ धड पडलेला नसतो आणि मे महिन्यात तो फक्त खूप उंचावर उरतो. जानेवारीत तर आमच्याकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. सासूबाईंनी निक्षून सांगितलं, "आधी अक्षता सोहळा, मग तुमचा बर्फ." म्हणून फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरला. मुलांची पाच दिवसांची रजा आणि माझीही रजा रीतसर मागितली.

मग थोरलीने वहीत तक्ता आखला. तीन नावं समोर होती : उत्तराखंडातलं औली, हिमाचलमधलं सोलंग आणि काश्मीरमधलं गुलमर्ग. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहेत. खालच्या जोशीमठहून तिथे सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जात असे. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि तो रोपवे बंद ठेवावा लागला. शिवाय ऋषिकेशहून पुढे सारा दिवस घाटातला प्रवास. औलीवर फुली पडली.

सोलंग मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. मनालीची उंची दोन हजार मीटरच्या थोडी वर आणि सोलंग अडीच हजारांच्या आसपास. जागा सोयीची होती. पण दिल्लीहून किंवा चंदीगडहून पुढे डोंगरातला लांबचा बसप्रवास सासूबाईंना झेपला नसता.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि श्रीनगरपासून जेमतेम पन्नास किलोमीटर. श्रीनगरपर्यंत विमान जातं. तिथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगदूरीला, ३,००० मीटरच्या थोडा वर पोचतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतल्या स्कीच्या शर्यतीही २०२० पासून गुलमर्गला होतात. हे वाचल्यावर धाकट्याने जाहीर केलं, "मग आपण सगळ्यात वर जायचं!"

इथे मी घरातच भूगोलाचा तास घेतला. उंची वाढली की थंडी वाढते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणून उंच ठिकाणी बर्फ जास्त दिवस टिकतो. पण नुसती उंची पुरत नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तरी तिथे बर्फ पडत नाही, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. उलट स्वित्झर्लंडमधलं झरमॅट गाव कळसूबाईपेक्षा थोडं खालीच आहे, तरी हिवाळाभर तिथे बर्फ असतो. फ्रान्समधलं वाल तोरांस हे युरोपातलं सर्वांत उंच स्की-गाव मानलं जातं. त्याची उंची २,३०० मीटर, म्हणजे आपल्या गुलमर्गपेक्षा कमी! हे ऐकून मुलांचे डोळेच विस्फारले.

उंचीची दुसरी बाजूही आहे. वर गेलं तरी हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण एकवीस टक्केच राहतं, पण हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीच्या मानाने गुलमर्गला दाब पाऊणपटीच्या आसपास असतो, तर अफरवटच्या माथ्यावर साधारण साठ टक्के. म्हणजे एका श्वासात तेवढा कमी ऑक्सिजन मिळतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर काहींचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. त्रास होणं-न होणं हे नुसत्या एकूण उंचीवर ठरत नाही. किती भरभर चढलो आणि रात्री किती उंचीवर झोपलो यालाही मोठं महत्त्व असतं. म्हणून गिर्यारोहक दिवसा उंच चढले तरी झोपायला खाली येतात.

थोरलीने लगेच तक्त्यात आणखी एक रकाना आखला : 'रात्री झोपायची उंची'. त्या एका रकान्याने आमचा निर्णय सोपा केला. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही किंचित खाली. पहिल्या दोन रात्री तिथे काढायच्या. पुढच्या दोन रात्री टंगमर्गला. हे गाव गुलमर्गच्या तेरा किलोमीटर अलीकडे आणि बरंच खाली आहे. दिवसा गुलमर्गला जायचं आणि संध्याकाळी उतरायचं. टंगमर्गच्या खोल्या गुलमर्गपेक्षा स्वस्तही मिळाल्या.

हा बेत घेऊन आम्ही सासूबाईंच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, औषधं लिहून दिली आणि तीन अटी घातल्या : पंप कायम जवळ ठेवायचा, गोंडोलात बसायचं नाही आणि दम लागला तर वाट न बघता खाली उतरायचं. घरी येऊन आम्ही असं ठरवलं. पहिल्या टप्प्यापर्यंत मुलं आणि त्यांचे बाबा जातील, मी आईंजवळ थांबेन. दुसऱ्या टप्प्यावर कुणीच जायचं नाही.

धाकटा रुसला. "मग एवढ्या लांब कशाला जायचं?"

त्याचे बाबा म्हणाले, "बाळा, तू अजून स्की पायात घातलेली नाहीस. शिकणाऱ्यांचे उतार गुलमर्गच्या सपाट कुरणालगत, खालीच आहेत. अफरवट मुरलेल्या लोकांसाठी. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलन झालं, त्यात पोलंडचे दोन स्कीपटू गेले."

तो गप्प बसला. थोड्या वेळाने आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आज्जी, तू येणार म्हणून मी खाली खेळतो."

जानेवारी २०२४ उजाडला आणि बातम्या येऊ लागल्या की गुलमर्गला बर्फच नाही. फोटोत तपकिरी, कोरडी कुरणं दिसत होती. काश्मीरमधला हिवाळ्यातला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे पडतो आणि त्या वर्षी ते वेळेवर आले नाहीत. आमच्या खोल्या ठरावीक तारखेपर्यंत पैसे परत मिळण्याच्या बोलीवर घेतलेल्या होत्या, म्हणून आम्ही घाई केली नाही. महिनाअखेरीस बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चांगला साठला.

सासूबाईंनी दोन सोलापुरी चादरी बॅगेत भरल्या. मी म्हटलं, "आई, ही सुती चादर तिथल्या थंडीत पुरायची नाही. लोकरीचं लागतं." तरी एक त्यांनी ठेवलीच. गुलमर्गच्या कुरणाकडेला उन्हात खुर्ची मिळाली, तिच्यावर तीच चादर अंथरून त्या बसल्या. समोरच्या छोट्या उतारावर धाकटा पुढची टोकं जवळ आणि मागच्या बाजू लांब ठेवून वेग कमी करायला शिकत होता. पडत होता, उठत होता. सासूबाईंनी मूठभर बर्फ हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगदी पिंजलेल्या कापसासारखं दिसतंय. पण ह्यानं छाती भरत नाही." दोन्ही दिवस त्यांना खाली पळवावं लागलं नाही. पंप एकदाच लागला, तोही टंगमर्गला जिना चढताना.

मित्रांनो, सहलीचं ठिकाण निवडताना जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा दाखवतात : सर्वांत उंच, सर्वांत लांब. आपण आपले प्रश्न विचारावेत. हंगाम कोणता? पोचायचं कसं? रात्री कुठे झोपणार? बेत बिघडला तर पैसे परत मिळतील का? आणि घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला ते झेपेल का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारला, तर बाकीची उत्तरं लवकर सापडतात.

उपक्रम : तुमच्या कुटुंबासाठी महाराष्ट्रातली तीन थंड हवेची ठिकाणं निवडा. प्रत्येकाची समुद्रसपाटीपासूनची उंची, तुमच्या गावापासूनचं अंतर, योग्य हंगाम आणि घरातल्या आजी-आजोबांसाठी असलेली सोय यांचा तक्ता करा. मग एक ठिकाण निवडून, तेच का निवडलं हे दहा ओळींत लिहा.